आंबट ठरलेलं दूध

सोडियम हायड्रॉक्साइडचं पाणी हातावर सांडलं तर ते लगेच भाजत नाही. आधी बोटं बुळबुळीत लागतात, साबण धुऊनही पुरता निघालेला नसावा तशी, आणि मग थोड्या वेळानं आग सुरू होते. नांदेडच्या कॉलेजात आमच्या सरांनी पहिल्याच तासाला हे सांगितलं होतं. "ते बुळबुळणं म्हणजे तुमच्या कातडीतल्या तेलाचा साबण होतोय. तिथं विचार करत उभं राहायचं नाही. नळाखाली हात धरायचा आणि धरून ठेवायचा." बाकीच्या मुली हसल्या. मी हसले नाही, कारण मला ते फार मोठं वाटलं. साबण दुकानातून वडी म्हणून येतो एवढंच मला ठाऊक होतं. तो आपल्या हातावरही तयार होऊ शकतो, हे ऐकून मी त्या दिवशी होस्टेलवर जाईपर्यंत माझ्या बोटांकडे बघत होते.

दिसायला तो पदार्थ अगदी साधा. पांढरे खडे, खडीसाखरेसारखे. लोक त्याला कॉस्टिक सोडा म्हणतात. पाण्यात टाकला की पाणी चटका बसेल इतकं तापतं, म्हणून नेहमी पाण्यात सोडा टाकायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही. काचेच्या बशीत दोन खडे ठेवून दिले तर ते घाम फुटल्यासारखे ओले होतात आणि काही वेळात स्वतःच्याच पाण्यात विरघळून बसतात. आमच्याकडच्या ज्या हवेत माणसांचे ओठ फुटत होते, त्या हवेतूनसुद्धा तो ओल ओढून घ्यायचा. पुढं मला कळत गेलं तसं लक्षात आलं की आमचा सगळा मुलूखच या पदार्थाच्या ओळखीचा आहे. नांदेडला कापडाच्या गिरणीत सूत सोड्याच्या थंड पाण्यातून ताणून काढत, त्यानं सुताला चकाकी येई आणि रंग पक्का बसे. लातूरच्या तेलगिरण्यांत करडईच्या आणि सरकीच्या तेलातला आंबटपणा याच सोड्यानं मारत, आणि खाली जो गाळ बसे तो साबणवाले घेऊन जात. कागदाचा लगदा करायला तोच, दुधाच्या टाक्या धुवायलाही तोच. एवढ्या कामाच्या वस्तूची रीतसर ओळख करून घेतलेली आमच्या घराण्यातली मी पहिली, याचा मला तेव्हाही अभिमान होता आणि आज या वयातही आहे. परवा सुनेनं मोरी तुंबली म्हणून बाजारातून पुडी आणली आणि ती कालवायला ॲल्युमिनियमचं पातेलं घेतलं. मी वास न घेता, नुसता खडा बघूनच म्हटलं, "आधी ते जर्मनचं पातेलं बाजूला ठेव, नाही तर भोक पाडील." सून म्हणाली, "आई, तुम्हाला कसं कळलं?" मी म्हटलं, याच्यावर मी पगार घेतलाय.

आमचं गाव मुखेड तालुक्याच्या अगदी टोकाला. जिल्हा नांदेड, पण बाजारहाट, सोयरिक आणि एसटी सगळं लातूरकडचं. गावाच्या उगवतीला आमची वस्ती. आजोबांच्या पिढीनं दीक्षा घेतलेली, त्यामुळं घरात बुद्धाची तसबीर आणि तिच्यासमोर सकाळी पाण्यानं भरलेली वाटी, एवढंच देवघर. मी शिकत होते त्या शेवटच्या दोन वर्षांत पाऊस जवळजवळ झालाच नाही. विहिरीच्या तळाला खडक दिसायला लागला. आबा रोजगार हमीवर खडी फोडायला जात, आणि संध्याकाळी घरी आले की त्यांच्या पापण्यांवरसुद्धा पांढरी धूळ असे. जेवायला ज्वारीची भाकरी, वाळवलेल्या अंबाडीच्या पाल्याचं पातळ बेसन आणि लसणाची चटणी. या सगळ्यात आमच्या घरी एक श्रीमंती होती, ती म्हणजे म्हैस. वस्तीतल्या काही घरांना सरकारी योजनेतून म्हशी मिळाल्या होत्या आणि माय त्या म्हशीला माणसासारखी सांभाळत होती. टँकरची रांग लावून आणलेल्या पाण्यातून आधी म्हशीची बादली, मग आमचा माठ. पहाटे मला जाग येई ती बादलीत पडणाऱ्या धारांच्या आवाजानं. पहिल्या धारा टणटण वाजत, मग दूध चढत गेलं की आवाज मऊ होत जाई, आणि शेवटी नुसता फेसाचा सुस्कारा. धार काढायच्या आधी माय कास धुवायची, हात राखेनं घासायची आणि बादली फडक्यानं पुसून उन्हात वाळवलेलीच घ्यायची. टँकरच्या पाण्यातलं एवढं पाणी त्यात खर्च होई की आबा कधी कधी कुरकुरत. माय म्हणे, "तोंड न्हाई धुतलं तरी चालंल तुमचं. कास धुवावीच लागंल."

दूध घालायचं ते गावच्या डेअरीत. डेअरी म्हणजे मन्मथअप्पांच्या दुकानालगतचा एक दगडी ओटा, त्यावर दुधाचे मोठे कॅन, माप आणि दूध पातळ आहे का ते बघायची काचेची नळी. मन्मथअप्पा डेअरीचे सचिव. कपाळाला भस्म, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, बोलणं गोड आणि हिशेब चोख. गावातले लोक ओट्यावर चढून दूध घालत. वस्तीतल्या बाया ओट्याच्या खाली उभ्या राहून बादली वर देत. तसा नियम कुणी केलेला नव्हता. पहिल्या दिवशी तसं झालं आणि मग तसंच चालू राहिलं. पण दूध मात्र एकाच कॅनमध्ये पडे, आणि माय म्हणायची, "एकदा आत गेलं की कुनाची म्हस आन् कुनाचं काय. दूध समदं पांढरंच."

बी.एस्सी.चा निकाल लागला त्या सुमारास लातूर जिल्हा नवा झालेला होता. नव्या पाट्या, ओल्या रंगाच्या खुर्च्या, जिकडं तिकडं भरतीची बातमी. आमच्या गावापासून एसटीनं तासाभराच्या अंतरावर, लातूर रस्त्याला एक दूध शीतकरण केंद्र होतं. तिथं प्रयोगशाळेत हंगामी सहायक म्हणून मला घेतलं. ट्रकमधून गावोगावचे कॅन यायचे, फलाटावर उतरायचे, प्रत्येक गावच्या दुधाची परीक्षा व्हायची आणि मग ते टाकीत पडायचं. दिवसभर कॅनच्या झाकणांचा खणखणाट, मागं दूध थंड करणाऱ्या यंत्राची एकसुरी घरघर, आणि सगळ्याला कच्च्या दुधाचा गोडसर वास. प्रयोगशाळेचे प्रमुख रेड्डीसाहेब देगलूरकडचे, घरी तेलुगू बोलणारे, अबोल आणि शिस्तीचे. मदतनीस गफूरचाचा. ते काचसामान धुवायचे, द्रावणं करून ठेवायचे आणि अखंड बोलायचे. पहिल्या दिवशी त्यांनी मला सगळं केंद्र दाखवलं. स्टीलच्या टाकीत सोड्याचं गरम पाणी फिरवून ती कशी धुतात ते दाखवलं, आणि कॅनकडं बोट करून म्हणाले, "ये जर्मन के हैं बाई. इनको कॉस्टिक नको लावू. नवीन पोरानं एकदा धुतला, तर हांडी जैसा खदखदला."

दुधाची परीक्षाही त्याच सोड्यानं व्हायची. ती मी आजही डोळे मिटून करू शकेन. दूध शिळं होऊ लागलं की त्यात आम्ल वाढतं. ठरावीक माप दूध घ्यायचं, त्यात रंग दाखवणाऱ्या औषधाचे थेंब टाकायचे आणि वरून काचेच्या उभ्या नळीतून सोड्याचं ठरावीक ताकदीचं पाणी थेंब थेंब सोडत भांडं हलवत राहायचं. आम्ल असेपर्यंत दूध पांढरंच राहतं. सोड्यानं सगळं आम्ल मारलं की पुढच्या एका थेंबाला ते फिकट गुलाबी होतं. जितका जास्त सोडा लागला तितकं दूध आंबट. एक रेघ ठरलेली होती. तिच्या आत दूध पास, बाहेर गेलं की झाकणावर लाल खडूची फुली आणि कॅन गावाला परत.

उन्हाळा चढला आणि आमच्या गावच्या कॅनवर लाल फुली पडली. एकदा झालं तेव्हा कुणी फार मनावर घेतलं नाही, पण त्याच आठवड्यात पुन्हा पडली. दुष्काळात परत आलेला कॅन म्हणजे काय, हे आज सांगून कळायचं नाही. त्या कॅनवर गावातली निम्मी घरं जगत होती. ओट्यावर बोलणं सुरू झालं. आधी ट्रक उशिरा येतो म्हणाले, मग ऊन फार म्हणाले, आणि मग एका सकाळी कुणीतरी म्हणालं की वस्तीचं दूध यायला लागल्यापासून हे सुरू झालंय. खरं तर वस्तीचं दूध वर्षभर जात होतं. पण एकदा शब्द तोंडातून गेला की त्याला पाय फुटतात. मन्मथअप्पांनी मध्यममार्ग काढला. वस्तीचं दूध वेगळ्या कॅनमध्ये घालायचं, म्हणजे दोष कुठं आहे ते कळेल.

मायनं त्यांना ओट्याखालूनच विचारलं, "अप्पा, माजी म्हस काय जात इचारून चारा खाती का?"

"मी काई म्हणून नाही राहिलो, राधाबाई," मन्मथअप्पा म्हणाले. "केंद्र म्हणून राहिलंय. आन् केंद्रात तर तुमची लेकच हाय. मग भ्यायचं कामून?"

दुसऱ्या दिवशी दोन कॅन आले. त्यांची परीक्षा माझ्याकडंच आली. गावचा मोठा कॅन जेमतेम रेघेच्या आत होता. वस्तीचा कॅन अर्धाच भरलेला, ट्रकच्या कडेला उन्हात आलेला. मी नळी उघडली, थेंब सोडत गेले, आणि रेघ आली तरी दूध पांढरंच होतं. रेघ ओलांडल्यावर ते गुलाबी झालं. मी पुन्हा केलं, तेच आलं. रेड्डीसाहेब मागं उभे होते. त्यांना ते दूध कुठलं ते ठाऊक नव्हतं. मी लाल खडू घेतला आणि झाकणावर फुली मारली. त्या दुधात मायनं पहाटे काढलेल्या धारा होत्या.

घरी गेले तेव्हा कॅन माझ्या आधी पोचलेला होता आणि गावाला त्याचा अर्थही कळलेला होता. येत्या सोमवारी डेअरीची बैठक, आणि त्यात वस्तीचं दूध बंद करायचं ठरणार, हे आबांना खडीच्या कामावरच कुणीतरी सांगितलं होतं. म्हैस विकायची झाली तर दुष्काळात तिला कसाबाशिवाय गिऱ्हाईक नव्हतं. आमच्या शेजारच्या काकू आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "सुमन, तुज्या हातात हाय ना माय ते. दोन थेंब कमी सोडले तर तुजं काय जातंय?" खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात दिवसभर तेच घोळत होतं.

माय भाकरी थापत होती. ती थांबली नाही. परातीतला हात तसाच चालू ठेवून म्हणाली, "तिला तसलं शिकवू नका, वैनी. कमी थेंब सोडायला बारा बुकं कशाला लागत्यात? ते कुनीबी करतंय." मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "आंबट असंल तर आंबटच म्हन. पर एकदा नीट बघून म्हन. माजी बादली मला ठावं हाय."

त्या रात्रीच्या जेवणाची चव मला आठवत नाही, पण मायचं ते "नीट बघून" मला आजही शब्दाशब्दानं ऐकू येतं. आमच्या सरांनीही प्रयोगाबद्दल इतकं थोडक्यात कधी सांगितलं नव्हतं. सकाळी एसटीत खिडकीशी बसून मी विचार करत गेले. मायची बादली स्वच्छ आहे हे मला ठाऊक होतं. माझे थेंब बरोबर होते हेही ठाऊक होतं. मग उरलं काय? केंद्रावर पोचल्यावर मी आधी जवळच्या गावांचे आकडे मनाशी आठवून पाहिले. ती गावं पास होत होती, म्हणून त्यांच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. पण तीही सगळी महिन्याभरात रेघेच्या जवळ सरकलेली होती. आमचं गाव सगळ्यांत लांबचं, म्हणून ते आधी रेघेबाहेर पडलं. वस्तीचा कॅन अर्धा, म्हणून तो आणखी लवकर तापला. म्हणजे सगळ्या तालुक्याच्या म्हशी एकदम नासल्या होत्या किंवा मोजणारं काहीतरी चुकत होतं.

गफूरचाचांची स्वतःची म्हैस केंद्राच्या आवारातच, त्यांच्या खोलीमागं बांधलेली असे. मी म्हटलं, "चाचा, मला तुमच्या म्हशीचं आत्ताच्या आत्ता काढलेलं दूध पाहिजे. माझ्यासमोर."

"चाय के वास्ते?"

"परीक्षेसाठी."

चाचांना गंमत वाटली. त्यांनी धार काढली, मी कोमट दूध तसंच्या तसं प्रयोगशाळेत आणलं आणि नळीखाली धरलं. आत्ता काढलेलं दूध रेघेच्या कितीतरी आत गुलाबी व्हायला हवं, पण ते रेघेला टेकायला आल्यावर गुलाबी झालं. चाचांचा चेहरा उतरला. "मेरी भैंस का दूध आंबट? क्या बोल रहे बाई तुम. थान में दही जमतंय क्या?"

"नाही ना जमत?" मी म्हटलं. "तेच तर."

मग मी सोड्याची मोठी बाटली खिडकीच्या उजेडात धरली. तळाशी पांढरा बारीक गाळ बसलेला होता, पिठाचे हात धुतलेल्या पाण्यासारखा. शुद्ध पाण्यात केलेल्या सोड्यातून बाटलीचा तळ दिसायला हवा. मी चाचांना विचारलं, पाणी कुठलं घेतलं. आणि चाचांनी अगदी सरळ सांगितलं. शुद्ध पाणी गाळायचं यंत्र चालवायला वरून सारखं थंड पाणी वाहतं ठेवावं लागे. दुष्काळात केंद्राचं नळाचं पाणी तोडल्यावर एवढं पाणी नुसतं मोरीत सोडायचं कुणाच्या जिवावर येईल? साहेबांना विचारून यंत्र बंद केलं होतं. साठवलेलं शुद्ध पाणी संपल्यावर चाचांनी नव्या बोअरचं पाणी दुहेरी कापडातून गाळून घेतलं होतं. दिसायला ते काचेसारखं होतं. पण ते इतक्या खोलातून आलेलं, इतक्या क्षारांचं पाणी, की त्यात डाळ शिजत नसे आणि साबणाला फेस येत नसे. त्या क्षारांनी सोड्याशी आधीच लढाई करून त्याची बरीच ताकद खाल्लेली, आणि त्या लढाईचा चुरा तळाशी बसलेला. असा कमजोर सोडा दुधातलं तेवढंच आम्ल मारायला जास्त लागणार, आणि जास्त लागला की आम्ही म्हणणार, दूध आंबट. चाचांची चूक मी कधी धरली नाही. पाण्याची काटकसर सगळेच करत होते, आणि त्या दिवसांत वाहतं पाणी सोडून देणाऱ्या माणसाला लोकांनी वेडा म्हटलं असतं.

पण हे बोलून कुणी ऐकणार नव्हतं. सिद्ध करायला शुद्ध पाणी हवं होतं, आणि शंभर कोसांत स्वच्छ पाण्याचा थेंब नव्हता. मी थंड खोलीत नमुने ठेवायला गेले आणि तिथं मला ते दिसलं. गार नळ्यांवर हवेतली वाफ गोठून पांढऱ्या हिमाचे थर बसले होते. वाफेतून आलेलं पाणी, म्हणजे गाळलेलंच पाणी. त्यात बोअर नाही, क्षार नाही. मी काचेच्या पट्टीनं ते हिम खरवडलं, चंबू भरभरून बाहेर आणलं, वितळवलं, उकळवलं आणि गार केलं. त्यात ताजा सोडा विरघळवला, ऑक्झॅलिक आम्ल तोलून त्याची ताकद पडताळून घेतली, आणि मग त्याच आम्लावर जुन्या बाटलीचीही पडताळणी केली. जुना सोडा खूपच कमजोर निघाला. मग त्याच म्हशीच्या दुधाला नवा सोडा लावला. ते रेघेच्या कितीतरी आत गुलाबी झालं. मला आठवतं, मी त्या वेळी कुणाला हाक मारली नाही. नुसती स्टुलावर बसले.

रेड्डीसाहेबांकडं जाणं मात्र सोपं नव्हतं. मी हंगामी, ते प्रमुख, आणि यंत्र त्यांच्या परवानगीनं बंद झालेलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिलं वाक्य टाकलं, "तुमच्या गावचं दूध परत गेलं म्हणून तुम्ही हे शोधलं?"

"हो साहेब," मी म्हटलं. "माझ्या आईचं होतं. म्हणूनच नीट बघितलं."

ते उठले. त्यांनी दोन्ही बाटल्या घेतल्या, नळी स्वतःच्या हातानं धुतली आणि दार लावून घेऊन सगळं पहिल्यापासून केलं. मी बाहेर उभी होते. बऱ्याच वेळानं ते आले आणि हातातल्या भांड्यात बघत म्हणाले, "अय्यो. किती लोकांचं दूध ओतलं गेलं असेल." मग म्हणाले, "हे मी वर कळवतो. ते माझं काम. पण तुमच्या गावात बैठक आहे म्हणालात ना? तिथं कळवून भागणार नाही. दाखवावं लागेल. सामान बांधा. परीक्षा तुम्हीच करायची, मी बाजूला बसेन."

सोमवारी सकाळी दुधाच्या ट्रकमागं साहेबांची जीप गावात आली तेव्हा ओट्याभोवती आधीच गर्दी होती. साहेबांनी प्रस्तावना केली नाही. उभ्या उभ्या सांगितलं, "केंद्राचा सोडा कमजोर झाला होता. दूध तुमचं चांगलं होतं. चूक आमच्याकडं झाली." लोक एकमेकांकडं बघायला लागले. सरकारी माणूस असं बोलतो याची सवय कुणाला नव्हती. मन्मथअप्पांना ते पटलं नाही. "साहेब, मोठ्या मनाचे आहात तुम्ही," ते म्हणाले. "पण पोरगी वस्तीचीच. तिनं सांगितलं आन् तुम्ही ऐकलं, असं लोक म्हणतील."

"म्हणून तर आलो," साहेब म्हणाले. "घरोघरचं दूध वेगळं मोजा. सगळ्यांसमोर."

मी ओट्यावर चढले. त्या ओट्यावर मी आयुष्यात पहिल्यांदा पाय ठेवत होते आणि ते ओट्याला नाही तरी माझ्या पायांना नक्की कळलं. लाकडी स्टँड लावला, नळीत सोडा भरला. पहिलं दूध आलं ते पाटलांच्या घरचं. थेंब सोडले, भांडं हलवलं, दूध गुलाबी झालं, पुढं झुकलेल्या बायांनी "अगं बाई" केलं. मग तेल्याचं, सुताराचं, एकामागून एक. सगळी रेघेच्या आत. मन्मथअप्पांच्या घरचं दूध आलं तेव्हा ते आत असूनही सगळ्यांपेक्षा रेघेच्या जवळ निघालं. मागून कुणीतरी म्हणालं, "अप्पा, वहिनीला म्हनावं बादली धूत जा." लोक हसले, आणि खरं सांगायचं तर अप्पाही हसले.

शेवटी मायची बादली. ती खाली उभी राहूनच बादली वर द्यायला लागली. मी म्हटलं, "माय, वर ये. तुझं तू बघ." ती क्षणभर थबकली. साहेबांनी सरकून जागा केली आणि माय वर आली, पदर सावरून माझ्या शेजारी बसली. मी थेंब सोडायला लागले. एक थेंब पडला, गुलाबी झाक आली, भांडं हलवलं तशी विरली. मायनं माझ्या हाताला हात लावला. "थांब. जाऊन राहिलं बग. आजून एक सोड." मी सोडला. या वेळी रंग राहिला. सगळ्या गावच्या दुधात मायच्या दुधाला सगळ्यांत कमी सोडा लागला होता. साहेबांनी आकडा मोठ्यानं वाचला.

मन्मथअप्पा उठले. वस्तीचा वेगळा अर्धा कॅन कोपऱ्यात होता. त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलला, गावच्या मोठ्या कॅनजवळ आणला आणि त्यात ओतला, मागोमाग मायची बादलीही ओतली. सावकाश, सगळ्यांना दिसेल असं. झाकण लावलं, हात पुसले. मग ते मायकडं वळले, पण त्यांच्या आधी मायनंच विचारलं, "अप्पा, उद्यापून आमी हुबं कुठं राहायचं ते तेवढं सांगून टाका."

अप्पांनी ओट्याकडं बघितलं, खालच्या मातीकडं बघितलं. "नंबर लागंल तिथं, राधाबाई," ते म्हणाले. "हितंच, वर."

मायनं मान हलवली, बादली घेतली आणि घरी गेली. आभार नाही, भांडण नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली तेव्हा धारांचा आवाज संपलेला होता आणि बादली जागेवर नव्हती. मी एसटीसाठी निघाले तेव्हा दिसली. अजून पुरतं उजाडलेलं नव्हतं, अप्पांच्या दुकानाचं दार बंद होतं, आणि माय ओट्यावर एकटी, पहिल्या नंबरावर उभी होती.